वसंत कुठवर आला

थोरातकाका कुणालाही 'कसा आहेस' असं विचारत नाहीत. ते विचारतात, "पलंग का हातोडा?"

नवखा माणूस गांगरतो. आमच्या नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळात नव्यानेच आलेल्या एका हृदयरोगतज्ज्ञांना काकांनी गणपतीत, प्रसादाच्या रांगेत हे विचारलं. त्या बिचाऱ्यांना वाटलं काहीतरी खायचं आहे. "दोन्ही थोडं थोडं चालेल," ते म्हणाले. काकांना हे उत्तर अजिबात आवडलं नाही. "दोन्ही चालत न्हाय. एक कायतरी ठरवा," असं म्हणून ते पुढे गेले.

ट्रकच्या केबिनमध्ये टॅकोग्राफ नावाची एक डबी असते. ड्रायव्हरने किती वेळ गाडी चालवली आणि किती वेळ विश्रांती घेतली याची ती नोंद ठेवते. विश्रांती असली की तिच्यावर पलंगाचं चित्र येतं, आणि माल उतरवणं वगैरे इतर काम असलं की दोन हातोड्यांचं. साडेचार तास चालवलं की पाऊण तास पलंग, असा कायदा आहे. थांबल्यावर बटण दाबायला विसरलात आणि हातोडेच राहिले, तर तुम्ही पाऊण तास घोरत पडलेले असलात तरी कायद्याने कामावर असता. काकांनी सव्वीस वर्षं युरोपभर ट्रक चालवले आणि त्या नादात सगळ्या जगाचीच दोन भागांत वाटणी करून टाकली. "मधलं कायच नसतं रे," ते सांगतात. "मधे बसणारा माणूस दमतोही आणि कामही करत न्हाय."

हे ते नुसतं बोलत नाहीत, पाळतातही. मंडळाच्या सहलीत सकाळपासून खुर्च्या लावणारे, सरबत ढवळणारे काका साडेचार तास झाले की हातातला डाव खाली ठेवतात आणि पाऊण तास एका खुर्चीत डोळे मिटून बसतात. त्या वेळात अध्यक्षीणबाई आल्या तरी काका हलत नाहीत. एकदा तर अध्यक्षीणबाईंचं भाषण चालू असताना त्यांचे साडेचार तास भरले. ते उठून निघाले तेव्हा बाईंना वाटलं, आपलं काही चुकलं. त्यांनी भाषण आवरतं घेतलं, आणि मंडळाने मनातल्या मनात काकांचे आभार मानले.

आमचं मंडळ म्हणजे पंधरावीस डॉक्टर आणि त्यांचे नातेवाईक. काका त्यातल्या नातेवाईकांत मोडतात. त्यांच्या पत्नी, सुनंदाकाकू, इथल्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होत्या. नवा कुणी आला की काकांना हटकून विचारतो, "आपण कुठल्या डिपार्टमेंटला?" काका सांगतात, "आर्टिक्युलेटेड. चव्वेचाळीस टन." पुढचा माणूस मान डोलावतो आणि घरी जाऊन बायकोला विचारतो, ही कुठली स्पेशालिटी?

मी मूळचा सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि पगार घ्यायचा, असं पंधरा वर्षं सुखात चाललं होतं. मग कंपनीने ते काम एका प्रोग्रॅमला दिलं आणि आम्हा अकरा जणांना निरोपाचा केक दिला. बेचाळीसाव्या वर्षी इंटरव्ह्यूत पंचविशीतल्या पोरांनी मला 'पॅशन' विचारायला सुरुवात केली, तेव्हा मी कंटाळून मोठ्या गाडीचं लायसन्स काढलं. पुण्यात आईला फोनवर सांगितलं, "लॉजिस्टिक्समध्ये गेलोय." तिने प्रमोशन झालं म्हणून सोसायटीत पेढे वाटले.

वर्षभर मी देशातल्या देशात गाडी चालवली. मग आमच्या मालकाने युरोपच्या फेऱ्या देऊ केल्या. मी घाबरत घाबरत हो म्हणालो आणि दर शनिवारी थोरातकाकांच्या स्वयंपाकघरात शिकवणीला जाऊ लागलो.

शिकवणीची पद्धत अशी. जेवणाच्या दोन खुर्च्या फ्रिजकडे तोंड करून शेजारी शेजारी लावायच्या. उजव्या खुर्चीत मी, हातात पोळपाट. पोळपाट म्हणजे स्टिअरिंग. काका डाव्या खुर्चीत बसून फ्रान्स, बेल्जियम, जर्मनी वगैरे उजव्या बाजूने गाड्या चालवणारे देश करत.

"राउंडअबाउट आलं, गोल चौक. कुठं वळतोस?"

मी पोळपाट डावीकडे फिरवला की फ्रिजवर टकटक करून म्हणत, "मेलास. आणि चार फ्रेंच माणसं घेऊन मेलास. उजवीकडं घुसायचं, लेका."

पण काकांचं खरं शहाणपण पुढच्या वाक्यात असे. "पहिल्या दिवशी कुणी चुकत न्हाय. पहिल्या दिवशी तू घाबरलेला असतोस, नीट चालवतोस. चुकतो माणूस चौथ्या दिवशी. सकाळी पंपावर कॉफी घेतो, रस्ता रिकामा असतो, आणि हात आपोआप डाव्या बाजूला गाडी घालतो. चौथ्या दिवशी पंपातनं निघताना मोठ्यानं बोल, उजवीकडं, उजवीकडं. लाज वाटली तरी बोल."

असे धडे खूप. पार्किंग चार वाजताच शोधायचं, कारण सहा वाजता शोधणाऱ्याला रस्त्याच्या कडेला झोपावं लागतं. मागची दारं भिंतीला टेकवून गाडी लावायची, म्हणजे चोराला उघडता येत नाहीत. परतताना, इंग्लंडची बोट पकडायच्या फ्रेंच बंदराच्या, कॅलेच्या, अलीकडे दीडदोनशे किलोमीटर कुठेही थांबायचं नाही, आणि थांबलंच तर चोरून इंग्लंडला जाऊ बघणारं कुणी गाडीत शिरलं नाही ना, हे छतापासून चाकापर्यंत बघायचं. जर्मनीत रविवारी ट्रकला रस्ताबंदी असते, तेव्हा शनिवारीच चांगल्या जागी थांबायचं, जिथे आंघोळ मिळेल. आंघोळीच्या सपाता वेगळ्या ठेवायच्या. केबिनमध्ये कुकर न्यायचा नाही. "मी नेलेला. बेल्जियममधे तिसऱ्या शिट्टीला शेजारच्या ट्रकमधला पोलिश ड्रायव्हर आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आला. त्याला निम्मी खिचडी दिली तेव्हा गेला."

सगळ्यात लांब धडा तुपाचा. ब्रेक्झिट झाल्यापासून इथून युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. काकांना ते माहीत होतं, पण तूप हा दुधाचा पदार्थ आहे हे त्यांना मान्य नव्हतं. कॅलेला कस्टमच्या बाईने काकूंनी दिलेली बरणी उचलली आणि विचारलं, "बटर?"

"मी म्हटलं, नो बटर, मॅडम. बटर इज फॉर ब्रेड. धिस इज साजूक." मग काकांनी तिला लोणी कसं काढतात, ते कसं कढवतात, बेरी खाली कशी बसते, हे सगळं इंग्रजीतून समजावलं. "जेवढं समजावत गेलो तेवढं ते दुधाचंच ठरत गेलं." बरणी गेली. बाईने मग लाडवांचा डबा उघडला, स्वीट्स का म्हणून विचारलं आणि सोडून दिला. तेव्हापासून काकांचा नियम असा, की तूप लाडवात गेलं की मिठाई, बरणीत राहिलं की गुन्हा.

शेवटचा धडा फोनचा होता, आणि तोच मला खटकला. दर थांब्यावर काकांना फोन करायचा आणि तीन गोष्टी सांगायच्या. कुठे थांबलास, काय खाल्लंस, झोप झाली का. नुसतं 'फ्रान्समध्ये' चालणार नाही, गावाचं नाव पाहिजे. काय खाल्लंस तेही नीट सांगायचं. "सँडविच म्हणायचं न्हाय. कशाचं सँडविच ते सांगायचं."

"काका, गाडीत ट्रॅकर आहे," मी म्हणालो. "ऑफिसला सगळं दिसतं."

"ऑफिसला दिसून मला काय उपयोग?" ते चिडले. चिडलेले काका मी पहिल्यांदाच पाहिले.

तेवढ्यात काकू आत आल्या. उंच, गोऱ्या, पांढरे केस नीट विंचरलेले. मला म्हणाल्या, "बसा ना." काकांना म्हणाल्या, "अहो, तुम्ही चहा घेणार का?" काका "घेईन की" म्हणाले, आणि स्वतःच उठून चहा टाकायला लागले.

मला यात काहीच वावगं दिसलं नाही. त्या पिढीतली बाई नवऱ्याला अहो म्हणते यात नवल ते काय. काकू तर सगळ्यांनाच तुम्ही म्हणत. माझ्या पाच वर्षांच्या मुलीला म्हणाल्या होत्या, "तुम्ही बिस्कीट घेणार का?" आम्ही घरी येऊन त्यांच्या रीतभातीचं कौतुक केलं होतं.

चहा झाल्यावर काका मला गॅरेजमध्ये घेऊन गेले, उगाच एक टायर बघायला. टायर बघितलाच नाही. म्हणाले, "ती मला ओळखत न्हाय."

मी म्हणालो, "कोण?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. लग्नाआधी काकू कराडजवळच्या एका आरोग्य केंद्रात डॉक्टर होत्या आणि काका त्या केंद्राची जीप चालवायचे. डॉक्टरीणबाई ड्रायव्हरला नावाने हाक मारायच्या, वसंत, गाडी काढ. लग्न झालं तरी तेच राहिलं. काकांच्या आईने घर डोक्यावर घेतलं, नवऱ्याला अहो म्हण म्हणून. काकू म्हणाल्या, "मला जो आवडला त्याचं नाव वसंत होतं. अहो नावाच्या माणसाशी मी लग्न केलेलं नाही." पस्तीस वर्षं वसंत आणि तू. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही कधी आलात?"

काकांना आधी थट्टा वाटली. मंडळातल्या लोकांनाही वाटली. निवृत्त झाल्यावर डॉक्टरीणबाईंना संस्कार आठवले म्हणून त्यांनी काकांना चिडवलं. पंधरावीस डॉक्टरांच्या देखत एका बाईची ओळख पुसत गेली, आणि तिच्या तोंडी अहो आलं म्हणून सगळे खूश झाले. मीही त्यातलाच. मला फार लाज वाटली.

काकांनी गाडी सोडली ती तेव्हा. बाहेर त्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. काकूंच्या लेखी मात्र वसंत अजून गाडीवरच होता. घरात एक भला माणूस राहतो, तो स्वयंपाक करतो, औषधं देतो. वसंत फेरीवर गेलाय. संध्याकाळ झाली की त्या या भल्या माणसाला विचारत, "वसंत कुठवर आला?"

"मग मी सांगायचो कायतरी. लिऑनला आहे. जेवला. पण भूलतज्ज्ञ बाई रे ती, आकड्यांची पक्की. मी गाडीवर असताना रोज नकाशावर पेन्सिलीनं खूण करायची. एक दिवस मला म्हणाली, अहो, कालही लिऑन म्हणालात, आजही लिऑन. गाडी बिघडली का त्याची? मला खरं सांगा. जेवली न्हाय त्या दिवशी." काकांनी गॅरेजचं दार नीट लोटून घेतलं. "मला खोट्या फेऱ्या जमत न्हाईत. कुणीतरी खरोखर जायला पाहिजे."

फेरी संपली की वसंतने घरी यायला हवं, हेही त्यांनी ठरवलं होतं. जुनं जाकीट घालायचं, बॅग घ्यायची, मागच्या दाराने बाहेर पडून पुढची बेल वाजवायची. एकदा ते बर्मिंगहॅमहून बॅग घेऊन परत आले होते, तेव्हा काकूंनी दार उघडून "आलास?" म्हटलं होतं. अख्खी संध्याकाळ ते वसंत होते. सकाळी पुन्हा अहो.

"तेवढं एकदा पाहिजे मला," काका म्हणाले. "आलात न्हाय. आलास."

मी सोमवारी सकाळी तूरिनला निघालो. ते इटलीत, आल्प्सच्या पलीकडे. शुक्रवारी संध्याकाळी परत. मी शाळेतसुद्धा इतका शहाण्यासारखा वागलो नसेन. फ्रान्समध्ये रीम्सला थांबलो, फोन केला. अंड्याचं सँडविच, दोन लाडू, झोपतो आता. मागून काकूंचा आवाज आला, "विचारा त्याला, पाणी पितोय ना?" मंगळवारी शाँबेरी. बुधवारी आल्प्सखालच्या बोगद्यातून इटलीत. त्या दिवशी काकांनी फोन स्पीकरवर टाकला असावा, कारण काकू एकदम माझ्याशीच बोलल्या. "वसंत, डोंगरात हळू चालव रे." मी "हो" म्हणालो. गुरुवारी सकाळी, म्हणजे बरोबर चौथ्या दिवशी, परतीच्या वाटेवर माकाँच्या पंपातून निघताना मी मोठ्याने 'उजवीकडं, उजवीकडं' म्हणत होतो, आणि तरीही एकदा डावीकडे वळलोच असतो.

शुक्रवारी दुपारी बोटीतून इंग्लंडच्या किनाऱ्यावर, डोव्हरला उतरलो. पुन्हा डाव्या बाजूचा रस्ता आणि इंग्रजी पाट्या पाहून मला इतका आनंद झाला की मी लगेच फोन लावला आणि ओरडलो, "काका, पोचलोच!"

आपण मराठी माणसं हा शब्द कसा वापरतो हे काय सांगायचं. घरातून निघालेला नसतो तोही पोचलोच म्हणतो. डोव्हरपासून नॉटिंगहॅम मोकळ्या रस्त्यालाही, पाऊण तासाचा पलंग धरून, पाच तास, आणि तो शुक्रवार होता. लंडनच्या बाहेरच्या रस्त्यावर मी दीड तास जागचा हललो नाही. नंतर काकांना फोन केला तर त्यांनी उचलला नाही.

यार्डात गाडी लावून थेट त्यांच्याकडे गेलो तेव्हा साडेसात झाले होते. इथल्या जूनमध्ये या वेळीही असतं तसं लख्ख ऊन होतं. घराच्या बाजूच्या बोळात, कचऱ्याच्या डब्यांजवळ, थोरातकाका जुनं नारिंगी जाकीट घालून उभे होते. हातात बॅग.

"तू पोचलोच म्हणालास ते तिनं ऐकलं," ते म्हणाले. "एक वाजल्यापासनं दाराशी उभी आहे. खुर्ची दिली, बसत न्हाय. पाय सुजलेत तिचे. मी मागनं येऊन दोनदा बेल वाजवली."

"मग?"

"म्हणाली, तुम्ही आलात होय? मला वाटलं वसंत."

मी माफी मागायला लागलो. त्यांनी हातानेच थांबवलं. मग बॅग माझ्याकडे दिली.

"तू वाजव. चार दिवस तुझाच आवाज ऐकलाय तिनं."

"काका, अहो, पण तुम्हाला..."

"माझं बघू नंतर. कुणाला तरी आलास म्हणू दे तिला. बसू दे."

मी बेल वाजवली. दार लगेच उघडलं. काकूंनी आम्हा दोघांकडे पाहिलं, आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा असा सैल झाला की मला बघवेना.

"आलास?" त्या मला म्हणाल्या.

मी बॅग या हातातून त्या हातात घेतली. मागून काका, गाडी रिव्हर्स घेताना सांगावं तशा शांत आवाजात म्हणाले, "हो म्हण."

"आलो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली, सोफ्यावर बसल्या आणि मला शेजारी बसवलं. काका दाराशीच उभे होते. काकूंनी त्यांच्याकडे बोट दाखवलं. "वसंत, या गृहस्थांचे आभार मान. तू नसलास की हेच असतात. तुझी बातमी रोज हेच देतात. मी एकच गोष्ट दहादा विचारते, पण एकदाही चिडले नाहीत माझ्यावर. अशी माणसं मिळत नाहीत रे."

"थँक्यू, काका," मी कसंबसं म्हणालो.

"त्यात काय एवढं," काका म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते, काकूंच्या पायांकडे बघत होते. पुढे होऊन त्यांनी एक स्टूल सरकवलं आणि काकूंचे पाय उचलून त्यावर ठेवले. काकू संकोचल्या.

"राहू द्या हो. आता हा आलाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही आता घरी जा. किती दिवस इथे थांबलात. तुमचीही बायको वाट बघत असेल."

काका सरळ उभे राहिले. जाकिटाची चेन वरपर्यंत ओढली.

"हो," ते म्हणाले. "बघत असते."

आणि पुढचं दार आवाज न करता ओढून घेऊन ते बाहेर गेले. मी पाणी पिण्याच्या निमित्ताने उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि त्यांच्यासाठी मागचं दार उघडून ठेवलं.